आलँ बाशुंग : फ्रेंच रॉकला स्वतःची भाषा देणारा गायक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आलँ बाशुंग कोण होते?

आलँ बाशुंग हे फ्रान्समधील रॉक गायक, संगीतकार आणि गीतलेखक. त्यांचा जन्म १ डिसेंबर १९४७ रोजी पॅरिसमध्ये झाला आणि १४ मार्च २००९ रोजी त्याच शहरात, वयाच्या ६१व्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. १९६६ मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली. खरे यश मिळायला मात्र १९८० साल उजाडावे लागले, आणि ते मिळाल्यानंतरची जवळजवळ तीस वर्षे, म्हणजे अखेरपर्यंत, ते नवे काही करत राहिले. फ्रान्सबाहेर त्यांचे नाव फारसे ऐकू येत नाही, याचे मुख्य कारण भाषा हे आहे. त्यांच्या गाण्यांतील शब्दांचे खेळ भाषांतरात टिकत नाहीत. आवाज आणि संगीत मात्र टिकते, आणि तेवढ्यावरही या कलावंताची ओळख करून घेता येते.

आडनावाचा उच्चार नेमका कसा करायचा?

‘बाशुंग’ असा. मूळ आडनावाच्या रोमन लिपीतील लेखनात मध्ये एक जास्तीचे ‘सी’ अक्षर होते, ते त्यांनी कलावंत म्हणून वापरायच्या नावातून काढून टाकले. हे आडनाव ऐकायला फ्रेंच वाटत नाही, कारण ते आल्सास प्रांतातले आहे.

त्यांचे बालपण आल्सासमध्ये गेले याला एवढे महत्त्व का दिले जाते?

बाशुंग यांची आई मूळची ब्रिटनी प्रांतातली, कारखान्यात काम करणारी. जन्मदाते वडील त्यांना कधी भेटले नाहीत. आईने पुढे आल्सासमधील एका बेकरीवाल्याशी लग्न केले, आणि लहानग्या आलँला स्ट्रासबूर शहराजवळच्या विंगर्सहाइम या खेड्यात सावत्र वडिलांच्या आईकडे ठेवण्यात आले. १९५९ च्या सुमारास पॅरिसला परत येईपर्यंत ते तिथेच वाढले.

आल्सास हा जर्मनीच्या सीमेला लागून असलेला प्रांत. १८७१ ते १९१८ या काळात तो जर्मन साम्राज्यात होता, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने तो पुन्हा गिळला होता. बाशुंग तिथे पोहोचले तेव्हा युद्ध संपून जेमतेम काही वर्षे झाली होती. घरात आणि गल्लीत जर्मन वळणाची आल्सासी बोली, शाळेत फ्रेंच. पॅरिसमध्ये जन्मलेल्या या मुलाला आजीचे बोलणे आधी कानाने झेलावे लागले, अर्थ मागाहून आला. शब्दाचा नाद अर्थाच्या आधी कानावर पडण्याचा हा अनुभव त्यांच्या गाण्यांत शेवटपर्यंत दिसतो असे मला वाटते. त्यांच्या कित्येक ओळी आधी ध्वनी म्हणून भिडतात, आणि अर्थ दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ऐकताना हळूहळू उलगडतो.

पॅरिसला परतल्यावर किशोरवयात त्यांच्या हाती गिटार आली आणि कानावर जीन व्हिन्सेंट, बडी हॉली, एल्व्हिस प्रेस्ली यांची गाणी पडू लागली. त्यांनी हिशेबनिसाचे शिक्षण सुरू केले होते, पण ते अर्धवट सोडून दिले.

पहिल्या तबकडीपासून यशापर्यंत चौदा वर्षे का लागली?

कारण त्या काळातील फ्रेंच संगीत-व्यवसायाला जे हवे होते, ते बाशुंग देऊ शकत नव्हते, आणि त्यांना जे द्यायचे होते, ते त्यांनाच अजून सापडलेले नव्हते.

१९६० च्या दशकात फ्रान्समध्ये रॉक संगीत आले ते बहुतांशी उसने. अमेरिकन किंवा इंग्लिश गाणे घ्यायचे, त्याच चालीत फ्रेंच शब्द बसवायचे आणि एखाद्या देखण्या तरुण गायकाकडून गाऊन घ्यायचे, ही त्या व्यवसायाची ठरलेली रीत. त्या लाटेत काही कलावंत मोठे झाले, पण फ्रेंच शब्द अमेरिकन चालीवर परक्या अंगरख्यासारखे लोंबत असत. इंग्रजीत शब्दाघात ठळक असतो आणि रॉकचा ठेका त्या आघातावर उभा राहतो. फ्रेंचमध्ये आघात शब्दसमूहाच्या शेवटी पडतो आणि बाकीची अक्षरे सारख्या वजनाने पुढे सरकतात. फ्रेंचमध्ये रॉक गाणे अवघड का, याचे उत्तर बव्हंशी या एका गोष्टीत आहे.

१९६६ पासून बाशुंग यांनी एकामागून एक तबकड्या काढल्या आणि त्या विरून गेल्या. १९७३ मध्ये ‘फ्रेंच राज्यक्रांती’ या रॉक-संगीतिकेत त्यांनी क्रांतीचा नेता रोबेस्पिएर याची भूमिका केली. गायक डिक रिव्हर्स यांच्यासाठी त्यांनी चाली बांधल्या, वाद्यसंयोजन केले. १९७७ मध्ये ‘रोमाँ-फोतो’ हा पहिला अल्बम आला, तोही चालला नाही. या काळाला वाया गेलेली वर्षे म्हणणे चूक ठरेल. स्टुडिओतील प्रत्येक काम त्यांनी या दिवसांत हाताने केले, आणि पुढे अल्बम घडवताना त्यांच्याकडे जो कारागिराचा धीर दिसतो, तो याच काळात मुरला.

‘गाबी ओ गाबी’ या गाण्याने नेमके काय बदलले?

१९७९ मध्ये आलेल्या ‘रुलेट रुस’ या दुसऱ्या अल्बमलाही सुरुवातीला थंडच प्रतिसाद मिळाला. त्यानंतर १९८० मध्ये ‘गाबी ओ गाबी’ ही छोटी तबकडी निघाली आणि दहा लाखांहून अधिक खपली. मग हे गाणे समाविष्ट करून ‘रुलेट रुस’ पुन्हा बाजारात आणण्यात आला. चाल बाशुंग यांची, शब्द बोरिस बेर्गमान यांचे.

बेर्गमान यांची खुबी सांगायला त्याच अल्बममधील एका गाण्याचे शीर्षक पुरे आहे. त्याचा अर्थ होतो, ‘तू पितेस हे विसरण्यासाठी मी धूम्रपान करतो’. दुःख विसरण्यासाठी पितो, हे जगभरच्या दारुड्यांचे ठरलेले वाक्य. ते किंचित पिळले की त्यातून एका जोडप्याची पूर्ण गोष्ट समोर उभी राहते आणि हसू येता येता थांबते. बेर्गमान रोजच्या बोलण्यातले, जाहिरातीतले, पोलिसी कादंबऱ्यांतले शब्द उचलत आणि त्यांचे सांधे निखळवून पुन्हा जोडत. बाशुंग ते शब्द अर्धे बोलत, अर्धे गात, ओठांच्या कोपऱ्यातून सोडत. इंग्रजी आघाताची नक्कल करण्याऐवजी त्यांनी फ्रेंच बोलण्यातील घसरती लय तशीच ठेवली आणि ठेका तिच्याभोवती बांधला. फ्रेंच रॉकला स्वतःची भाषा मिळाली असे जे म्हटले जाते, ते या अर्थाने.

१९८१ च्या ‘पिझ्झा’ या अल्बममधील ‘व्हेर्तीज द लामूर’, म्हणजे ‘प्रेमाची भोवळ’, हे गाणेही तितकेच गाजले. चौतिशीच्या उंबरठ्यावर बाशुंग अचानक घराघरांत पोहोचले.

मग १९८२ मध्ये त्यांनी इतका अवघड अल्बम का काढला?

हा प्रश्न त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीबद्दल विचारता येतो, कारण यशस्वी ठरलेली घडण मोडून टाकण्याची ही केवळ पहिली खेप होती.

१९८२ च्या ‘प्ले ब्लेस्यूर’ या अल्बमसाठी त्यांनी बेर्गमान यांच्याऐवजी सेर्ज गँसबूर यांना शब्दांसाठी सोबत घेतले. गँसबूर तेव्हा फ्रेंच गीतलेखनातले सर्वांत मोठे आणि सर्वांत वादग्रस्त नाव होते. शीर्षकातच श्लेष आहे. फ्रेंचमध्ये ‘प्ले’ असा उच्चार असलेल्या शब्दाचा अर्थ जखम, आणि ‘ब्लेस्यूर’ म्हणजे इजा. पण पहिला शब्द इंग्रजी पद्धतीने लिहिला की तो वाजवण्याचा किंवा खेळण्याचा होतो. अल्बमचा आवाज गार, कोरडा आहे. यांत्रिक ठेके, तुटक गिटार, आणि त्यांवर चावून टाकलेली अक्षरे. ‘गाबी’च्या प्रेमात पडलेल्या श्रोत्यांना हे पचले नाही आणि खप घसरला. आज हाच अल्बम फ्रेंच रॉकच्या जाणकारांत अतिशय मानाने ऐकला जातो. त्यातील ‘व्होलाँतेर’ हे गाणे पुढे बाशुंग यांनी न्वार देझीर या बँडबरोबर नव्याने ध्वनिमुद्रित केले आणि ते २००० च्या ‘क्लिमाक्स’ या संकलनात घेतले.

१९८३ ते १९८९ या वर्षांत ‘फिग्यूर अँपोझे’, ‘पासे ल रियो ग्रांद’ आणि ‘नोव्हिस’ हे अल्बम आले. तिन्हींत ऐकण्यासारखे बरेच आहे, पण ज्याला सुरुवात करायची आहे त्याने इथे रेंगाळण्याची गरज नाही.

शब्द दुसऱ्यांचे असताना बाशुंग यांना गीतलेखक कसे म्हणता येईल?

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण बाशुंग यांची कार्यपद्धती समजली की त्यांचे वेगळेपणही समजते.

आपल्याकडे गीतकार, संगीतकार आणि गायक ही तीन कामे बहुधा तीन माणसांकडे असतात. गीतकार कागद देतो, संगीतकार चाल लावतो, गायक गातो. बाशुंग यांच्याकडे कागद कधीच पूर्ण होऊन येत नसे. ‘नोव्हिस’पासून त्यांच्या सोबत जाँ फोक हे गीतकार आले. त्या एका अल्बममध्ये बेर्गमान आणि फोक या दोघांचेही शब्द आहेत, आणि त्यानंतरच्या दशकात फोक हेच त्यांचे मुख्य सहलेखक राहिले. दोघे शब्दांची देवाणघेवाण करीत बसत. फोक पानेच्या पाने लिहीत, बाशुंग त्यांतील एखादी ओळ ठेवत, दुसरी कापत, तिसरीचे शेपूट पहिलीला जोडत, मध्येच स्वतःची ओळ घालत. एका विषयासाठी लिहिलेला तुकडा भलत्याच गाण्यात जाऊन बसे. मग ते सगळे गाऊन पाहायचे, आणि तोंडात न बसणारा शब्द कितीही सुंदर असला तरी काढून टाकायचा.

गोधडी शिवणारी बाई चिंध्या स्वतः विणत नाही, पण कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशेजारी बसवायचा हे तीच ठरवते, आणि गोधडी तिचीच असते. बाशुंग यांचे लेखन या जातीचे होते. म्हणूनच त्यांच्या अल्बमवर शब्दांसाठी बहुधा दोन नावे असतात, आणि गीतकार बदलले तरी ओळ ऐकताक्षणी ती बाशुंग यांची आहे हे ओळखू येते. बेर्गमान, गँसबूर, फोक हे तिघे एकमेकांपासून किती वेगळे. तरीही त्यांचे शब्द या गळ्यातून आले की एका घरचे वाटतात.

मेम्फिसला जाऊन केलेला अल्बम कोणता?

१९९१ चा ‘ओझे जोझेफिन’, म्हणजे साधारण ‘जोझेफिन, धाडस कर’. यातील बरेचसे काम अमेरिकेतील मेम्फिस शहरात झाले आणि सनी लँड्रेथ यांची स्लाइड गिटार त्यात आहे. तारांवरून काचेची नळी सरकवून काढलेला तो लांबट, ओला सूर शीर्षकगीताच्या सुरुवातीपासून सोबत करतो. किशोरवयात ज्या गाण्यांनी त्यांना झपाटले होते, त्यांच्या गावी बाशुंग वयाच्या चव्वेचाळिशीच्या आसपास पोहोचले. बडी हॉली यांच्या एका गाण्यासह चार इंग्रजी गाणी त्यांनी या अल्बममध्ये इंग्रजीतच गायली आहेत. ज्यांची नक्कल करण्यात फ्रान्समधील एक पिढी गुंतली होती, त्यांना बाशुंग यांनी त्यांच्याच भाषेत दाद दिली आणि स्वतःची गाणी मात्र स्वतःच्या भाषेत ठेवली. मला हा निर्णय फार प्रामाणिक वाटतो.

शीर्षकगीताचे दृश्यचित्रण जाँ-बातिस्त मोंदिनो यांनी केले आहे. सर्कशीचे रिंगण, मध्यभागी गिटार घेतलेले बाशुंग, आणि त्यांच्याभोवती गोल गोल दौडणारा घोडा. बाकी जवळजवळ काही घडत नाही. गिटारच्या ठेक्यात आणि घोड्याच्या टापांत एकच चाल आहे हे डोळ्यांना कळते आणि नंतर नुसते गाणे ऐकले तरी घोडा दिसत राहतो.

याच अल्बममधील ‘मादाम रेव्ह’ हे गाणे अगदी वेगळ्या जातीचे आहे. संथ, दाट तंतुवाद्यांनी भरलेले, एका स्त्रीच्या एकांतातील कामनेविषयीचे. शब्द पिएर ग्रिये यांचे. इतका उघड विषय इतक्या मर्यादेने गायलेला क्वचितच ऐकायला मिळतो.

‘मा पतीत आँत्रप्रीझ’ हा वाक्प्रचार त्यांच्या गाण्यातून आला का?

होय, त्याला आजची प्रसिद्धी मिळाली ती त्यांच्याच गाण्यामुळे. ‘माझा छोटासा धंदा’ असा त्याचा अर्थ, आणि गाण्यात या धंद्याला मंदी ठाऊक नाही असे म्हटले आहे. वरवर दुकानदारीचे वाटणारे हे गाणे खरे तर शृंगाराचे आहे. पण फ्रेंच वृत्तपत्रांनी ते शब्द उचलले, आणि उद्योग-व्यवसायावरील बातम्यांच्या मथळ्यांत ते आजही दिसतात. हे गाणे १९९४ च्या ‘शातेर्तों’ या अल्बममधले. अल्बमच्या नावातही दुहेरी अर्थ आहे. थॉमस चॅटरटन हा १७७० मध्ये वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी मरण पावलेला इंग्रज कवी. आणि फ्रेंच बोलण्यात याच शब्दाचा दुसरा अर्थ वायरमन वापरतात ती काळी चिकटपट्टी. तुकडे चिकटवून गाणी घडवणाऱ्या माणसाला हे नाव शोभून दिसते.

‘फाँतेझी मिलितेर’ हा त्यांचा सर्वश्रेष्ठ अल्बम मानला जातो, तो का?

जानेवारी १९९८ मध्ये हा अल्बम आला. पुढील वर्षी ‘व्हिक्तवार द ला म्युझिक’ या फ्रान्समधील प्रमुख संगीत पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट अल्बमचा, बाशुंग यांना सर्वोत्कृष्ट गायकाचा आणि ‘ला न्वी ज माँ’ या गाण्याला सर्वोत्कृष्ट दृश्यचित्रणाचा पुरस्कार मिळाला. ते दृश्यचित्रण जाक ओदियार यांचे होते, जे पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून जगभर नावाजले गेले. २००५ मध्ये याच पुरस्कारांना वीस वर्षे झाली तेव्हा त्या वीस वर्षांतील सर्वोत्कृष्ट अल्बम म्हणून ‘फाँतेझी मिलितेर’ निवडला गेला.

पुरस्कारांपेक्षा आत काय आहे ते महत्त्वाचे. मुखपृष्ठावर बाशुंग पाण्यात आहेत, आणि पाणी टिकलीएवढ्या हिरव्या पानांच्या शेवाळासारख्या वनस्पतीने झाकलेले आहे. त्या हिरवाईतून चेहरा वर आला आहे. माणूस बुडतो आहे की वर येतो आहे, हे सांगता येत नाही. अल्बमचा आवाजही तसाच. एदित फाम्ब्युएना आणि जाँ-लुई पिएरो या जोडीने चाली आणि वाद्यरचनेत मोठा वाटा उचलला. पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडचे एड्रियन अटली यांची गिटार त्यात आहे. आल्सासचेच रोदोल्फ बुर्गेर यांचाही सहभाग आहे. गिटार, तंतुवाद्ये आणि यंत्रातून काढलेले ठेके असे एकमेकांत मिसळले आहेत की रॉक कुठे संपते आणि फ्रेंच भावगीताची जुनी परंपरा कुठे सुरू होते, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. १९८० पर्यंत या दोन गोष्टी दोन वेगळ्या बाजारपेठा होत्या. बाशुंग यांनी त्यांच्यातील भिंत इतकी झिजवली की पुढच्या पिढीला ती दिसलीच नाही.

‘ला न्वी ज माँ’ या गाण्याचा अर्थ काय?

शब्दशः अर्थ ‘रात्री मी खोटे बोलतो’. गाण्यातील माणूस स्वतःविषयी एकापाठोपाठ एक अचाट दावे करतो. त्यांतील एका दाव्यात व्हेर्कोर या पठाराचे नाव येते. आग्नेय फ्रान्समधील हे पठार दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्धच्या सशस्त्र प्रतिकाराचे मोठे केंद्र होते आणि जुलै १९४४ मध्ये जर्मन सैन्याने तिथे भीषण हल्ला केला. फ्रेंच श्रोत्याच्या कानावर हे नाव पडले की त्याला बलिदान आठवते. गाण्यातील माणूस मात्र तिथे रबरी दोर बांधून उड्या मारत होता म्हणे. एका नावात इतिहासाचे ओझे, आणि लगेच पुढच्या शब्दात सुट्टीतला खेळ.

युद्ध संपल्यावर प्रतिकार चळवळीत आपणही होतो असे सांगणारे पुष्कळ निघाले, ही फ्रान्सच्या सार्वजनिक स्मृतीतील दुखरी जागा आहे, आणि गाणे तिला हात लावते. पण ते तिथे थांबत नाही. हा बढाईखोर माणूस कोणाला तरी जिंकू पाहतो आहे, आणि त्याचे खोटे प्रेमातूनच आलेले आहे. म्हणून ऐकणाऱ्याला त्याची चीड येत नाही. मी हे गाणे पहिल्यांदा ऐकले तेव्हा एक शब्दही कळला नव्हता. तरी हा माणूस काहीतरी कबूल करतो आहे एवढे आवाजावरून कळले होते. अर्थ समजल्यावर तो अंदाज बदलावा लागला नाही.

त्यानंतरचा ‘लँप्र्यूदाँस’ इतका गंभीर का वाटतो?

२००२ चा हा अल्बम म्हणजे यश मोडून पुढे जाण्याची आणखी एक खेप. शीर्षकाचा अर्थ ‘अविचार’ किंवा ‘बेसावधपणा’. इथे बाशुंग जवळजवळ गातच नाहीत. ते बोलतात, आणि तंतुवाद्ये त्या बोलण्याखाली अंधारासारखी पसरतात. मार्क रिबो यांची गिटार आणि स्टीव्ह नीव्ह यांचा पियानो त्यात आहे. सकाळी कामे उरकताना लावण्यासारखा हा अल्बम नाही. रात्री, दिवे मालवून, सलग ऐकावा. माझ्या मते त्यांचे सर्वांत निर्भय काम हेच आहे, आणि ते ‘फाँतेझी मिलितेर’च्याही एक पाऊल पुढचे आहे, अर्थात बहुसंख्य समीक्षक मला इथे साथ देणार नाहीत.

त्याच वर्षी, पत्नी क्लोए मोन्स यांच्याबरोबर त्यांनी बायबलमधील ‘गीतांचे गीत’ संगीताच्या साथीने ध्वनिमुद्रित केले. संगीत बुर्गेर यांचे आणि फ्रेंच शब्द कवी ओलिव्हिए कादियो यांचे होते.

त्यांनी चित्रपटांतही काम केले होते का?

हो, अधूनमधून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते पडद्यावर दिसतात. २००८ च्या सामुएल बाँशेत्री यांच्या एका विनोदी चित्रपटात ते आणि बेल्जियन गायक आर्नो स्वतःच्याच भूमिकेत येतात आणि एका गाण्याच्या चोरीवरून हुज्जत घालतात. अभिनय हा त्यांच्या कारकिर्दीचा मुख्य प्रवाह कधी झाला नाही.

शेवटच्या वर्षाबद्दल इतके का बोलले जाते?

मार्च २००८ मध्ये ‘ब्लो पेत्रोल’ हा अल्बम आला. या वेळी जाँ फोक सोबत नव्हते. गाएताँ रूसेल आणि जेरार माँसे यांनी दिलेली गाणी त्यात आहेत. रूसेल तेव्हाच्या तरुण पिढीचे. माँसे बाशुंग यांच्याच वयाचे, रंगमंचापासून दूर राहणारे. गिटारी पुन्हा मोकळ्या झाल्या, शब्द सरळ झाले आणि आवाज प्रकाशात आला. अल्बमला मोठे यश मिळाले.

याच सुमारास त्यांना कर्करोग झाल्याचे लोकांना कळले. उपचार सुरू असतानाच ते दौऱ्यावर निघाले. काळा पोशाख, काळा चष्मा, आणि उपचारांमुळे केस गेलेल्या डोक्यावर हॅट. त्या दौऱ्यातील ध्वनिमुद्रणे ऐकताना सर्वांत आधी जाणवते ती आवाजाची शांतता. गाणी बहुतेक ठिकाणी मूळ अल्बमपेक्षा संथ आहेत, आणि दोन ओळींमधली जागा ते घाईने भरत नाहीत. दयेची याचना त्यात कुठेही नाही. डिसेंबर २००८ मध्ये पॅरिसच्या एलिझे मोंमार्त्र या सभागृहात झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे.

२८ फेब्रुवारी २००९ रोजी ‘व्हिक्तवार’ सोहळ्यात त्यांना एकाच रात्री तीन पुरस्कार मिळाले: सर्वोत्कृष्ट गायक, सर्वोत्कृष्ट अल्बम आणि सर्वोत्कृष्ट रंगमंचीय कार्यक्रम. त्या रात्री ते स्वतः आले आणि गायले. बरोबर चौदा दिवसांनी त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या साँ-जेर्माँ-दे-प्रे चर्चमध्ये अंत्यविधी झाला आणि पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

मृत्यूनंतर काही नवे प्रसिद्ध झाले का?

दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. गँसबूर यांच्या १९७६ च्या ‘कोबीच्या डोक्याचा माणूस’ या अल्बमवर नृत्यरचनाकार जाँ-क्लोद गालोता यांनी नृत्यप्रयोग बसवला. त्यासाठी बाशुंग यांनी तो संपूर्ण अल्बम आधीच गाऊन ठेवला होता. प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर रंगमंचावर आला, आणि २०११ मध्ये ते ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून निघाले.

दुसरा ‘आँनामों’, म्हणजे ‘प्रवाहाच्या वरच्या अंगाला’, हा २०१८ चा अल्बम. ‘ब्लो पेत्रोल’ची तयारी चालू असताना बाशुंग यांनी गाऊन पाहिलेली आणि बाजूला ठेवलेली गाणी एदित फाम्ब्युएना यांनी वाद्यमेळ चढवून पूर्ण केली. अशा मरणोत्तर अल्बमांबद्दल मनात शंका येणे स्वाभाविक आहे. इथे मात्र हे काम ‘फाँतेझी मिलितेर’च्या वेळी शेजारी बसून काम केलेल्या व्यक्तीने केले आहे, आणि आवाजाला जागा देण्याचा तिचा संयम प्रत्येक गाण्यात ऐकू येतो.

त्यांचा प्रभाव पुढच्या कलावंतांवर कसा दिसतो?

प्रभाव दोन प्रकारचा असतो. एकात शिष्य गुरूसारखे गाऊ लागतात. बाशुंग यांच्यासारखे गाणारे फारसे झाले नाहीत, कारण दर अल्बमला बदलणाऱ्या माणसाची नक्कल करायची तरी कोणत्या रूपाची? दुसऱ्या प्रकारात गुरूने उघडलेल्या दारातून इतर जण आपापल्या दिशेने जातात. दोमिनिक आ, मिओसेक, बाँजामँ बियोले, न्वार देझीर ही मंडळी एकमेकांसारखी मुळीच नाहीत. पण फ्रेंच गाणे गिटारच्या गोंगाटातही अर्थाने दाट असू शकते, आणि लोकप्रिय होण्यासाठी ते सोपे करावे लागत नाही, ही गोष्ट बाशुंग यांनी त्यांच्या आधी सिद्ध करून ठेवली होती. २०११ च्या ‘तेल आलँ बाशुंग’ या आदरांजलीपर अल्बममध्ये व्हानेसा पारादी, बियोले, मिओसेक, न्वार देझीर यांच्यासह अनेकांनी त्यांची गाणी गायली.

या नात्याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘इमोर्तेल’ या गाण्याचे आहे. दोमिनिक आ यांनी ते बाशुंग यांच्यासाठी लिहिले. शीर्षकाचा अर्थ ‘अमर’. बाशुंग यांनी ते गाऊन ध्वनिमुद्रित केले, पण ‘ब्लो पेत्रोल’मध्ये घेतले नाही. पुढे २००९ मध्ये दोमिनिक आ यांनी ते स्वतःच्या अल्बममध्ये गायले. मग २०१८ मध्ये ‘आँनामों’ आला आणि त्याचे पहिलेच गाणे म्हणून बाशुंग यांच्या आवाजातील ‘इमोर्तेल’ लोकांनी ऐकले. आजारी माणसाच्या तोंडी हे शब्द त्या वेळी कसे वाटले असते याची कल्पना केली, तर ते तेव्हा बाजूला का ठेवले गेले असावे, याचा काहीसा अंदाज बांधता येतो. दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकावीत. एकात लिहिणाऱ्याचा ताठपणा आहे, दुसऱ्यात तेच शब्द जवळजवळ कुजबुजीवर आले आहेत.

जॉनी हालिडे आणि बाशुंग यांची तुलना करता येते का?

करता येते, पण त्यात कोणाला लहान ठरवण्याचे कारण नाही. हालिडे हे १९६० पासून २०१७ मध्ये निधन होईपर्यंत फ्रान्सचे सर्वांत लोकप्रिय रॉक गायक होते. प्रचंड आवाज, प्रचंड रंगमंच, आणि प्रामुख्याने इतरांनी लिहिलेली गाणी. त्यांनी रॉक फ्रान्सच्या घराघरांत नेले. बाशुंग यांनी ते फ्रेंच भाषेच्या आत नेले. दोन्ही कामे आवश्यक होती.

फ्रेंच येत नसेल तर कुठून सुरुवात करावी?

‘ओझे जोझेफिन’पासून. त्यात ओळखीचे इंग्रजी शब्द आहेत, गिटार आहे, आणि चाली पटकन कानात बसतात. त्यानंतर ‘फाँतेझी मिलितेर’ सलग दोनदा ऐकावा. पहिल्यांदा काहीही न वाचता आणि दुसऱ्यांदा शब्दांचा अर्थ समोर ठेवून. ‘ला न्वी ज माँ’साठी व्हेर्कोरचा वर सांगितलेला संदर्भ लक्षात असला तरी पुरेसे आहे. मग २००८ चा दौरा, आणि तिथून मागे वळून १९८० चा ‘गाबी’. उलट क्रमाने गेल्याचा फायदा असा की ‘गाबी’मधील उनाड, चेष्टेखोर आवाजाच्या तळाशी पुढे येणारा संथ, गडद आवाज आधीपासूनच होता, हे ऐकू येते. ‘प्ले ब्लेस्यूर’ आणि ‘लँप्र्यूदाँस’ हे दोन अल्बम अखेरीस ठेवावेत, आणि त्यांच्यासाठी एखादी रात्र मोकळी ठेवावी.